पहिले अठ्ठावीस दिवस

जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळाला वैद्यकशास्त्र नवजात म्हणते. माणसाच्या आयुष्यात इतका धोका एकवटलेला दुसरा महिना नसतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी २८ बाळे वर्षाच्या आत दगावत होती आणि त्यातली २० पहिल्याच महिन्यात. महाराष्ट्रात हेच आकडे अनुक्रमे १६ आणि ११ होते. धोक्याचा हा काळ बाळाचा जेवढा, तेवढाच आईबापांचाही असतो. आई बाळंतपणातून पुरती उठलेली नसते, बाप धावपळीत असतो आणि पहिलटकर जोडप्याला नेहमीचे काय आणि वावगे काय हे सांगता येत नाही. पण या महिन्यातली बरीच दुखणी अशी असतात, की ती ओळखण्याची पहिली संधी डॉक्टरांना नव्हे, घरच्यांनाच मिळते.

पोटात असताना श्वास, अन्न, ऊब आणि उत्सर्जन ही चारही कामे वार करत असते. नाळ कापली की काही मिनिटांत ती बाळाच्या अंगावर पडतात. दहातल्या एका बाळाला पहिल्या श्वासासाठी थोडीफार मदत लागते. पाठ चोळणे, घसा साफ करणे एवढ्याने बहुतेकांचे भागते. न रडलेल्या बाळासाठी पहिला मिनिट फार मोलाचा असतो. श्वासाखालोखाल महत्त्वाची ऊब. ओलेत्याने जन्मलेले बाळ झपाट्याने गार पडते, आणि गार पडलेले बाळ दूध ओढत नाही. म्हणून त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि पहिली अंघोळ निदान चोवीस तास पुढे ढकलतात. अंगावरचा पांढरा लेप ही घाण नव्हे. तो कातडीचे रक्षण करतो. जन्मल्याबरोबर मांडीत टोचले जाणारे ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन पुढच्या आठवड्यांत अचानक होऊ शकणारा रक्तस्राव टाळते. इवल्या मांडीत सुई कशाला, असे म्हणून ते नाकारणाऱ्यांनी मेंदूतल्या रक्तस्रावाचाही विचार करावा.

यानंतर येते ती दुधाची काळजी. पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो थोडा असतो, कारण बाळाचे पोटही थोडेच असते. चीक पिळून टाकून मधाचे बोट लावण्याची चाल अजूनही कुठे कुठे टिकून आहे. त्यात बाळ दोन्हीकडून नागवले जाते: रोगप्रतिकारक द्रव्ये वाया जातात आणि मधातून आतड्यात घातक जंतू जाऊ शकतात. पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसांच्या बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येते. ही उतरण ठाऊक नसल्याने आईच्या दुधावर संशय घेतला जातो, वरचे दूध सुरू होते, बाळ छातीला कमी लागते आणि मग दूध खरोखरच आटते. दूध पुरते की नाही, याचा हिशेब रडण्यावरून करायचा नसतो; तो ओल्या लंगोटांवरून करायचा असतो. आठवडा सरताना दिवसाला सहा ते आठ वेळा लघवी होत असेल आणि त्यानंतर रोज वीस-तीस ग्रॅम वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे.

याउलट बाळ दिवसभर झोपून राहते, लंगोट कोरडा राहतो, लघवीचा रंग गडद होतो, तेव्हा मात्र ‘शांत आहे, त्रास देत नाही’ असे म्हणून समाधान मानू नये. पहिलटकरणीचे बाळ नीट छातीला लागत नसेल आणि त्यात विदर्भ-मराठवाड्याचा एप्रिल-मे असेल, तर अंगातले पाणी कमी होऊन बाळाला ताप चढतो, रक्तातले मीठ वाढते. बाळ चुकीचे लागले आहे हे ओळखणारी एक अनुभवी परिचारिका शेजारी बसली, तर यातले पुष्कळसे टळते. बाळाच्या तोंडात नुसते बोंड नव्हे, तर भोवतालचा काळा भागही गेला पाहिजे; बोंडाला भेगा पडत असतील तर पकड चुकते आहे. प्रसूतीनंतर घरी सोडताना औषधांची चिठ्ठी हातात येते, पण हा अर्ध्या तासाचा धडा अनेक ठिकाणी कोणीच देत नाही. ही मोठी उणीव आहे.

काही गोष्टी घाबरवतात, पण निरुपद्रवी असतात. शिंका, उचक्या, दूध पिताना झोप लागणे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर उठणारे लाल पुरळ, कमरेवरचे निळे डाग, मुलीला चौथ्या-पाचव्या दिवशी दिसणारा रक्ताचा ठिपका, मुलगा असो वा मुलगी छातीला आलेली सूज. शेवटच्या दोन गोष्टी आईच्या संप्रेरकांमुळे होतात आणि आपोआप ओसरतात. सुजलेली छाती पिळून ‘दूध काढण्याने’ मात्र गळू होते आणि कोवळ्या बाळाला चिरा देण्याची पाळी येते.

नवजाताच्या दुखण्यांत सर्वांत जास्त घरांत शिरणारे दुखणे म्हणजे कावीळ. पूर्ण दिवसांच्या दहापैकी सहा आणि अपुऱ्या दिवसांच्या दहापैकी आठ बाळांना ती कमीअधिक होते. मोठ्या माणसाची कावीळ बहुधा यकृताच्या आजाराची असते. बाळाची तशी नसते. पोटातल्या बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्या लवकर मोडतात. त्यातून निघणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य शरीराबाहेर टाकण्याजोगे करायचे काम यकृताचे, पण ते यंत्र पहिल्या दिवसांत पुरते चालू झालेले नसते. त्यामुळे पिवळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसतो, पाचव्या दिवसापर्यंत वाढतो आणि दोन आठवड्यांत जातो. अडचण वेळापत्रकाची आहे. साधी प्रसूती झालेली आई दोन-तीन दिवसांत घरी येते आणि कावीळ चढते ती त्यानंतर, घरात, बाळंतिणीच्या खोलीतल्या अंधुक उजेडात.

म्हणून बाळ रोज दिवसाच्या उजेडात, उघडे करून पाहिले पाहिजे. कपाळावर किंवा छातीवर बोट दाबून उचलले की खालच्या कातडीचा रंग दिसतो. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरत जातो. तो तळहात-तळपायांपर्यंत पोचला, किंवा पहिल्या चोवीस तासांतच दिसला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. किती प्रमाण धोक्याचे, हे बाळाचे वय किती तासांचे आहे यावर ठरते. अमेरिकेत काम करणाऱ्या डॉ. विनोद भुतानी यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये तासांनुसार मांडलेला आलेख जगभर वापरला गेला. तिसऱ्या दिवशी चालणारा आकडा पहिल्या दिवशी चालत नाही. प्रमाण हाताबाहेर गेले तर बिलिरुबिन मेंदूत शिरते. बाळ वाचले तरी ऐकू येणे आणि हालचालींवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

यावरचा उपाय १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात एका परिचारिकेच्या ध्यानी आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेणाऱ्या सिस्टर वॉर्ड यांना दिसले, की एका बाळाचे उघडे अंग फिके पडले आहे आणि कापडाखालचा तुकडा तेवढा पिवळा राहिला आहे. तिथल्याच डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दिव्यांचा पहिला पाळणा प्रसिद्ध केला. निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचे रूप पालटतो आणि मग ते यकृताची वाट न पाहता पित्तावाटे, लघवीवाटे निघून जाते. ‘बाळाला लाईटखाली ठेवलंय’ असे नातेवाइकांना कळवताना आईचा गळा दाटून येतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेले उघडे बाळ बघवतही नाही. पण हा उपचार सुरक्षित आहे, बहुधा एक-दोन दिवसांत संपतो आणि मधूनमधून दूध पाजायला बाळ बाहेर घेता येते. दूध तोडायचे नाही. जितकी शी होईल तितके बिलिरुबिन जाईल. शोधाची सुरुवात उन्हातून झाली असली, तरी कोवळे ऊन हा आज उपचार मानला जात नाही. त्याची मात्रा मोजता येत नाही, उघडे बाळ गारठते किंवा भाजते आणि तपासणीचे दोन मोलाचे दिवस निघून जातात. गळ्यात काविळीची माळ घालून वाट पाहण्यातही तेच नुकसान आहे.

काविळीमागे आणखी कारणे असू शकतात. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, म्हणजे पुढचे बाळ सुरक्षित राहते. आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल तरी कावीळ लवकर चढू शकते. तांबड्या पेशींतल्या जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता मुख्यतः मुलग्यांत आढळते आणि काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण बरेच असते. अशा बाळाच्या पेशी डांबराच्या गोळ्यांच्या नुसत्या वासानेही भराभर फुटतात. आजीने ट्रंकेत जपून ठेवलेली झबली-टोपडी बाळाच्या अंगात घालण्याआधी धुऊन उन्हात वाळवली पाहिजेत. गोळ्या तर बाळाच्या खोलीतही नकोत.

आणि एक खूण सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी. कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळली आणि बाळाची शी फिकी, खडूसारखी पांढरट झाली, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये सांगितलेली शस्त्रक्रिया यावर करता येते, पण ती साठ दिवसांच्या आत झाली तरच यशाची आशा बरी. तैवानमध्ये २००४ पासून शीच्या रंगांचे चित्र असलेला तक्ता प्रत्येक आईच्या हाती दिला जातो. आपल्याकडे मात्र ‘लहान बाळांना कावीळ असतेच’ या दिलाशात साठ दिवस उलटून जातात आणि मग यकृतरोपणाखेरीज वाट उरत नाही. रंगीत कागदाच्या एका तुकड्याने टळू शकणारे हे नुकसान अजून चालू राहावे, हे समर्थनीय नाही.

जंतुसंसर्गाचे दुखणे काविळीपेक्षा घाईचे. पूर्वी पाचवी-सहावीच्या सुमाराला बाळ दगावण्याची भीती घराघरांत होती. सटवाईच्या पूजेभोवतीची धास्तीही त्याच दिवसांतली. मळक्या विळ्याने कापलेल्या, राख-शेण लावलेल्या नाळेतून शिरणारा धनुर्वात साधारण याच दिवसांत उठत असे. गरोदरपणीच्या लसीने आणि दवाखान्यातल्या प्रसूतीने तो इतका हटला, की २०१५ मध्ये माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचे भारतात उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. नाळेला आजही काही लावायचे नसते. हळद नको, तेल नको, पावडर नको. ती कोरडी राहिली की आपणहून पडते.

उरतो तो रक्तात पसरणारा संसर्ग, ज्याला दवाखान्यात सेप्सिस म्हणतात. मोठे माणूस आजारी पडले की सांगते. नवजात फक्त मंदावते. काल जोमाने पिणारे बाळ आज ओढत नाही, हाच बहुतेक वेळा पहिला इशारा असतो. झटके येणे, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, ३५.५ अंशांखाली गार अंग, हलवल्याशिवाय हालचाल न करणे: यातले एक लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना, पूर्ण मिनिटभर. दूध पिताना दमून थांबणाऱ्या, कपाळावर घाम येणाऱ्या किंवा ओठ निळे पडणाऱ्या बाळाचे हृदय तपासून घ्यावे. हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तीही त्याच घटकेची घाई.

उशीर घरातच होतो, ही गोष्ट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आकड्यांनिशी दाखवली. दवाखाना लांब आणि बाळंतिणीला घराबाहेर काढायचे नाही अशी रीत असल्याने आजारी नवजातांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. संस्थेने ३९ गावांत थोड्याशा शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन-तापमान घेत, न रडलेल्या बाळाला श्वास देत आणि संसर्गाची लक्षणे दिसल्यास पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला होता. खेड्यातली बाई इंजेक्शन कसे देणार, ही शंका तेव्हा अनेक तज्ज्ञांनी घेतली होती; तिचे उत्तर या आकड्यांनी दिले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती याच कामाची पुढची पायरी होय. तिला ओसरीवरून परत पाठवणारी घरे शहरांच्या कडेला आजही आहेत. तिने बाळ हातात घेऊन पाहिले पाहिजे.

बाळ सदतीस आठवड्यांच्या आत जन्मले किंवा अडीच किलोपेक्षा कमी भरले, की आईबापांची परीक्षा लांबते. अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, फुप्फुसे चिकटून बसतात, चोखणे-गिळणे-श्वास यांचा मेळ सुमारे चौतीस आठवड्यांपर्यंत जमत नाही. मग ‘काचेच्या पेटीत’ रवानगी होते, नाकात नळी, हाताला सुई, छातीवर तारा. कित्येकदा आई एका दवाखान्यात आणि बाळ दुसऱ्या गावच्या अतिदक्षता विभागात असते; मधे बाप डब्यात दूध घेऊन खेपा घालतो. आईला बाळ दिसत नाही आणि त्यातच नातेवाईक विचारू लागतात, काय खाल्लेस, कुठे गेली होतीस. अपुऱ्या दिवसांच्या बहुतेक प्रसूतींमागे आईच्या वागण्याचा दोष नसतो, हे दवाखान्यातल्या वडिलधाऱ्या डॉक्टरांनी सर्वांदेखत सांगितले, तर त्या बाईवर मोठे उपकार होतील.

अशा बाळासाठी आईचा देह हाच उत्तम उपचार आहे, हे कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या डॉ. एडगर रे यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. पेट्या अपुऱ्या होत्या, म्हणून त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभे बांधायला सुरुवात केली. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या या कांगारू पद्धतीने मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटल्याचे दिसले. बापाची छातीही चालते, आजीचीही. दूध आधी नळीने, मग बोंडल्यासारख्या चोचीच्या भांड्याने किंवा वाटी-चमच्याने आणि शेवटी छातीला, असा प्रवास होतो. आईला दूध येत नसेल तर दुसऱ्या आईचे दूध हा पावडरीपेक्षा चांगला पर्याय. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी उभी केली. दान आलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. महापालिकेच्या रुग्णालयात गोरगरिबांच्या बाळांसाठी झालेले हे काम मुंबईने अभिमानाने सांगावे असे आहे.

घरी आल्यावर दुसरी कसोटी लागते. बाळंतिणीची खोली बंद, शेगडी पेटलेली, ओवा-शेपाची धुरी चालू. कमजोर फुप्फुसांच्या बाळाला हा धूर सोसत नाही. सहाणेवर उगाळलेली गुटी, ग्राइप वॉटर, नाका-कानात तेल, डोळ्यांत काजळ, हे सगळे मायेपोटी होते, पण सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही लागत नाही. रीतींतले सगळेच टाकाऊ नाही. हलक्या हाताचे मालीश बहुतेक बाळांना मानवते, बाळंतिणीला मिळणारा सव्वा महिन्याचा आराम तर शहाणपणाचाच आहे. बारशाला मात्र शंभर माणसांनी बाळाचे मुके घेण्याचे कारण नाही. हात धुऊन घ्या, असे पाहुण्यांना सांगताना सासूबाईंनी पुढाकार घेतला तर सून अवघडत नाही.

आईच्या मनाचे दुखणे या सगळ्यात मागे राहते. पहिल्या आठवड्यातले रडू, चिडचिड दोन आठवड्यांत निवळते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, बाळ झोपलेले असतानाही झोप येईना, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘सगळ्यांनाच होतं, मी नाही का चार वाढवली’ हे ऐकून तिने गप्प बसू नये. बाळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या आईबापांत ही शक्यता वाढते. बापालाही ती चुकलेली नाही. २०१७ पासून कायद्याने नोकरदार आईला सव्वीस आठवड्यांपर्यंत पगारी रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला अशा रजेचा कायदाच नाही, आणि आजारी नवजाताच्या घरात ही त्रुटी सर्वांत जास्त जाणवते.

दवाखान्यातून सुटका झाली म्हणजे काम संपत नाही. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासावा लागतो, फार चिमुकल्या बाळांचा त्याहूनही आधी. पडद्यावर वाढणाऱ्या रोगट रक्तवाहिन्या वेळेत लेसरने रोखता येतात, नंतर नाही. आणि बाहेरून डोळे अगदी छान दिसत असतात. कानांची तपासणी महिन्याच्या आत व्हावी. टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून थायरॉइडची कमतरता कळते; गोळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू झाली तर बुद्धीची वाढ वाचते.

खर्चाच्या भीतीने बाळ घरी ठेवण्याचे कारण उरलेले नाही. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत मिळते. सुरुवातीला ही सोय तीस दिवसांपर्यंत होती, आता ती वर्षाच्या बाळापर्यंत आहे. जिल्हा रुग्णालयांत नवजातांसाठी विशेष काळजी कक्ष आहेत. ज्या घरात बाळ येणार आहे, तिथे सातवा महिना लागताच तीन गोष्टी भिंतीवर लिहून ठेवाव्यात: जवळचा असा कक्ष कुठे आहे, गावच्या आशाताईंचा फोन नंबर आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.